सव्वातीनचा हिशेब: बंगळुरूच्या रॉक बँडमधील सुरुवातीचे संचबदल

प्रास्ताविक

एखाद्या बँडचा इतिहास सांगताना आपण बहुधा पहिल्या अल्बमपासून सुरुवात करतो. त्याआधीची दोन-चार वर्षे ‘सुरुवातीला संचात काही बदल झाले’ अशा एका वाक्यात संपवली जातात. प्रस्तुत टिपणात आपण त्या एका वाक्याचाच विचार करणार आहोत. कोण आले, कोण गेले आणि का, याची यादी करणे हा येथे हेतू नाही. संचातील बदल संगीताच्या दृष्टीने कसा वाचावा आणि तो वाचताना समीक्षकाकडून कोणती चूक होते, हे पाहायचे आहे.

यासाठी मुख्य उदाहरण म्हणून बंगळुरूचा ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड घेतला आहे. तुलनेसाठी मुंबई, दिल्ली आणि लिव्हरपूल येथील बँडचाही उल्लेख येईल.

‘संच’ हा शब्द

इंग्रजीत ज्याला लाइनअप म्हणतात, त्यासाठी मराठीत ‘संच’ हा शब्द आहे. तो नाटकाच्या जाहिरातींमुळे आपल्या ओळखीचा आहे. ‘मूळ संचात’ किंवा ‘नव्या संचात’ असे शब्द जाहिरातीत दिसले की प्रेक्षक त्यावरून तिकीट काढायचे की नाही, हे ठरवतो. ‘मूळ’ या शब्दात एक आश्वासन असते: जे आधी लोकांना आवडले, तेच येथे मिळेल.

नाटकात या आश्वासनाला आधार असतो, कारण संहिता आधी लिहिलेली असते. नट बदलला तरी भूमिका तीच राहते. नव्या नटाची तुलना जुन्याशी करता येते, कारण दोघे तीच वाक्ये बोलतात. रॉक बँडमध्ये अशी संहिता आधी नसते. गाणे बहुतेक वेळा तालमीच्या खोलीतच घडते आणि ते घडवणारी माणसेच ते वाजवतात. म्हणून बँडमधील माणूस बदलला की भूमिकाही बदलण्याची शक्यता असते. ‘मूळ संच’ हा शब्द नाटकातून उचलून बँडला लावताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मराठी रंगभूमीवरही याला जवळचे एक उदाहरण आहे. 1913 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे आणि बोडस दोघेही तेथून बाहेर पडले. मंडळीचे नाव मात्र तेच राहिले, कारण ते एकाच्या पदवीवरून घेतलेले होते. नाव कोणावरून घेतले आहे, यावर कोणाचे जाणे लोकांच्या लक्षात राहणार, हे बऱ्याच अंशी ठरते.

नावातला हिशेब

‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड 1996 मध्ये बंगळुरूच्या ख्राइस्ट कॉलेजच्या वातावरणात सुरू झाला. त्याच्या नावाचा उष्णतेशी काही संबंध नाही. सुरुवातीच्या चौघांपैकी तिघे मल्याळी होते आणि चौथा पाव मल्याळी, बाकी तमिळ. कॉलेजच्या बोलीत मल्याळी मुलाला ‘मॅल’ म्हणत. ‘थ्री मॅल’ हे शब्द घाईने म्हटले की कानाला ‘थर्मल’ ऐकू येते. त्याला पाव जोडला आणि नाव तयार झाले. मराठीत सांगायचे तर हा ‘सव्वातीन मल्याळी’ असा हिशेब आहे.

हा कॉलेजमधला विनोद आहे हे खरे. पण समीक्षकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा पुरावाही आहे. बहुतेक बँडची नावे एखादी वस्तू, कल्पना किंवा मनोवृत्ती सांगतात. हे नाव चक्क हजेरीपट आहे. ज्या दिवशी ते ठरले, त्या दिवशी खोलीत कोण होते, याची ती नोंद आहे.

या नोंदीत दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे शहर. कन्नड भाषेच्या राजधानीत चार मुले एकत्र येतात, आपापसांतली मोजणी मल्याळी आणि तमिळ अशी करतात आणि गातात इंग्रजीत. बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात भेटतात, तेव्हा इंग्रजी ही त्यांची मधली भाषा होते. बंगळुरूच्या रॉक संगीताचा पाया बऱ्याच अंशी या मधल्या भाषेवर उभा आहे. या मोजणीत कन्नड नाही, हेही लक्षात घ्यावे. हा त्या चौघांचा दोष नव्हे. पण त्या काळात त्या शहरात रॉक बँड काढणे कोणाला सहज शक्य होते, हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे या नोंदीत काय नाही. नाव माणसांच्या घरची भाषा सांगते, त्यांचे वाद्य सांगत नाही. बास कोण वाजवत होता, सुरावट कोण रचत होता, तालमीत ‘हे जमत नाही’ असे कोण म्हणत होता, यातले काहीच त्यातून कळत नाही. हजेरीपटाची मर्यादा इतकीच असते.

चार, तीन आणि पुन्हा चार

गिटार वाजवणारे व गाणारे ब्रूस ली मणी आणि ड्रम्स वाजवणारे राजीव राजगोपाल हे दोघे या बँडमध्ये पहिल्यापासून टिकून राहिले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यासोबत सुनील चांडी आणि बास गिटारवर रझूड डेव्हिड होते. पुढे चांडी बाहेर पडले आणि बँड तिघांवर आला. त्यानंतर बासची जागा प्रकाश के. एन. यांनी घेतली. 2020 मध्ये ‘अ वर्ल्ड गॉन मॅड’ हा अल्बम आला, तेव्हा संच पुन्हा चौघांचा झाला होता. गिटारवर टोनी दास आणि बासवर लेस्ली चार्ल्स आले होते.

म्हणजे नावातला ‘सव्वातीन’चा हिशेब बँडच्या बहुतांश आयुष्यात खरा नव्हता. तरीही नाव बदलले नाही. येथे दोन सोपी उत्तरे समोर येतात. एक असे की मूळ संच गेला म्हणजे मूळ बँडही गेला, उरली ती पाटी. दुसरे असे की नाव टिकले आणि दोन संस्थापक टिकले, म्हणजे बँड तोच. दोन्ही उत्तरे ऐकण्याचे कष्ट वाचवतात, म्हणून दोन्ही अपुरी आहेत.

प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे. गेलेला माणूस संगीतात कोणते काम करत होता? त्याच्यानंतर ते काम कोणी उचलले? की ते तसेच मोकळे राहिले?

माणूस गेला, काम कोठे गेले?

चौघांचा बँड तिघांवर येतो, तेव्हा काय होते ते पाहू. गिटार, बास आणि ड्रम्स एवढीच वाद्ये उरली की गिटारवादकाला दोन कामे करावी लागतात: कॉर्ड धरून ठेवणे आणि मधेच एकट्याने सुरावट वाजवणे. ही दोन्ही कामे एकाच वेळी पूर्णपणे करता येत नाहीत. सुरावट सुरू झाली की खालची कॉर्ड नाहीशी होते. त्या क्षणी कॉर्डची जाणीव करून देण्याचे ओझे बासवर येते. बासवादकाला नुसता ताल धरून चालत नाही. कोणते स्वर निवडले म्हणजे श्रोत्याला न वाजणारी कॉर्ड जाणवेल, हे त्याला ठरवावे लागते. ड्रम्सनाही मोकळी जागा भरायची की मोकळीच ठेवायची, याचा निर्णय घ्यावा लागतो.

ब्रूस ली मणी यांचे गिटारवादन जॅझ आणि फंक यांच्याकडे झुकलेले आहे. त्यात साध्या तीन स्वरांच्या कॉर्डपेक्षा गुंतागुंतीच्या कॉर्ड आणि तुटक, तालबद्ध आघात अधिक येतात. अशा वादनाला तिघांचा संच अडचणीचाही आहे आणि सोयीचाही. अडचणीचा, कारण हात दोनच आहेत. सोयीचा, कारण दुसरे स्वरवाद्य नसल्याने प्रत्येक आघात स्पष्ट ऐकू येतो. या बँडचे संगीत ऐकताना जी मोकळी, चपळ घडण जाणवते, तिचे श्रेय केवळ गिटारवादकाच्या कौशल्याला देणे योग्य होणार नाही. रिकाम्या झालेल्या जागेने इतरांना जे करायला लावले, त्याचाही त्यात वाटा आहे.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2012 मध्ये या बँडने ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ हा तीन भागांचा अल्बम काढला. तिघांचा संच आणि तीन चाकांची रिक्षा यांचे नाते नावातच सूचित होते. एवढा मोठा आवाका कोणत्याही बँडने घेणे धाडसाचे आहे. पण प्रस्तुत लेखकाच्या मते तीन भाग सलग ऐकताना काटछाट करणारा एखादा परका कान हवा होता, असे वाटते. वर्षानुवर्षे एकत्र असलेल्या माणसांना एकमेकांची वळणे पाठ होतात आणि नकार देण्याची सवय सुटू शकते. संच लहान होणे म्हणजे केवळ एक वाद्य कमी होणे नव्हे, एक मतही कमी होते. हे मत दुसऱ्या श्रोत्याला पटेलच असे नाही. आपण स्वतः ऐकून ते तपासावे.

काम आणि माणूस यांतला फरक दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. 1990 च्या सुमारास सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी हा बँड उभा केला. 1991 मध्ये बास गिटारवर राहुल राम आले आणि 1994 मध्ये ड्रम्सवर अमित किलाम. ज्याला आज लोक ‘मूळ संच’ म्हणतात, तो खरे तर या बदलांनंतर तयार झालेला संच आहे. 2009 मध्ये असीम यांचे निधन झाले. ते गात आणि त्याच वेळी तबलाही वाजवत. त्यांच्यानंतर दोन माणसे घ्यावी लागली: गायनासाठी हिमांशू जोशी आणि तालवाद्यांसाठी तुहिन चक्रवर्ती. माणूस एक गेला होता, कामे दोन होती.

नाव, माणसे आणि गाणी

बँडची ओळख कशात असते, या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात: नावात, माणसांत किंवा गाण्यांत. एकाच वेळी या तिन्ही गोष्टी क्वचितच टिकतात. आपल्याकडच्या तीन उदाहरणांत तीन वेगवेगळ्या गोष्टी टिकलेल्या दिसतात.

पहिले उदाहरण आपण पाहिलेच. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’मध्ये नाव टिकले, माणसे बदलली.

दुसरे उदाहरण मुंबईचे. 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर त्यात पहिल्यापासून होते. सुरुवातीच्या काही वर्षांत संच बदलला आणि गायक म्हणून उदय बेनेगल आले. 1988 मध्ये पहिला अल्बम आला. पुढे 1993 मध्ये या बँडने ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. तेव्हा बँडचा गाभा असलेली माणसे तीच होती, बदलली ती पाटी. नव्या नावात सिंधू नदीचा उल्लेख आहे. आपण कोठले आहोत हे नावातच सांगायचे, असा त्यामागचा रोख दिसतो. येथे बदल माणसांत नसून स्वतःकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे.

तिसरे उदाहरण पुन्हा बंगळुरूचे. रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, वाढले ते म्हैसूरमध्ये. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा ‘अंतराग्नी’ हा बँड होता. तो 2005 च्या सुमारास संपला. त्यानंतर त्यांनी ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ उभा केला. ‘प्रोजेक्ट’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मध्यभागी एक गायक कायम राहील आणि त्याच्याभोवती वादक येत-जात राहतील, असा उघडा करार त्या शब्दात आहे. 2008 मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या नावात ‘अंतराग्नी’ हा शब्द राखलेला आहे. नाव बदलले, संच बदलला, पण जुन्या बँडची आठवण शीर्षकात ठेवली गेली. या संगीतात कन्नड भाषा आणि शिशुनाळ शरीफ यांच्यासारख्या संतकवींच्या रचना मध्यभागी आल्या, हेही नोंदवावे. ‘सव्वातीन’च्या हिशेबात जे नव्हते, ते शहराच्या संगीतात या वाटेने आले.

या दोन बंगळुरी पद्धतींपैकी अधिक प्रामाणिक कोणती? ‘प्रोजेक्ट’ म्हणणारा बँड वादक बदलणार हे आधीच सांगतो. त्यामुळे ‘मूळ संच’ हा वाद तेथे उद्भवत नाही. पण त्याची किंमतही आहे. सगळे श्रेय आपोआप एका नावाकडे जाते आणि व्हायोलिन किंवा बास वाजवणाऱ्याने गाण्याला दिलेले वळण श्रोत्याच्या लक्षातच राहत नाही. उलट हजेरीपटासारखे नाव असलेला बँड सर्वांना सारखे मोजतो. मात्र ती मोजणी लवकरच जुनी होते. प्रस्तुत लेखकाला दुसरी पद्धत अधिक मोलाची वाटते, कारण जुनी झालेली मोजणीही निदान प्रश्न उभा करते: हे सव्वातीन कोण होते?

पहिल्या अल्बमच्या आधीची वर्षे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ची सुरुवात 1996 ची, पहिला अल्बम 2000 चा. ‘रॉक मशीन’ 1984 चा, अल्बम 1988 चा. ‘इंडियन ओशन’ 1990 चा, अल्बम 1993 चा. तिन्ही ठिकाणी मधे तीन-चार वर्षांचे अंतर आहे. संचातले सर्वाधिक बदल साधारणपणे याच काळात होतात.

याची कारणे आपल्याकडे विशेष तीव्र आहेत. कॉलेजमध्ये सुरू झालेल्या बँडची पहिली परीक्षा पदवीच्या परीक्षेबरोबरच येते. पदवी हातात पडली की कोणी नोकरी धरतो, कोणी पुढच्या शिक्षणासाठी शहर किंवा देश सोडतो. इंग्रजीत स्वतःची गाणी करणाऱ्या बँडला चित्रपटसंगीतासारखा बाजार नव्हता. कॉलेजांचे महोत्सव आणि पब येथे मागणी असे ती परदेशी बँडच्या गाजलेल्या गाण्यांना. ड्रम्स, अँप्लिफायर आणि तालमीची खोली यांचा खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला. अशा स्थितीत बाहेर पडणारा माणूस संगीतात कमी पडला, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा तो फक्त घरचा हिशेब जुळवत असतो.

अडचण अशी की या काळाचे ध्वनिमुद्रण बहुधा उरत नाही. जो अल्बमच्या आधी गेला, त्याचे काम ऐकण्याची सोय नसते. गाण्यातली एखादी युक्ती त्याची असू शकते, पण ती वाजवताना ऐकू येतो दुसराच. समीक्षक उपलब्ध ध्वनिमुद्रणावरून बोलतो आणि नकळत असे समजतो की जे ऐकू येते, ते ऐकू येणाऱ्यानेच केले. प्रास्ताविकात ज्या चुकीचा उल्लेख केला, ती हीच.

याच्या उलट, पुरावा उरला तर काय शिकता येते, हे ‘बीटल्स’च्या उदाहरणात दिसते. 1962 मध्ये त्यांनी ‘लव्ह मी डू’ हे गाणे तीनदा ध्वनिमुद्रित केले. 6 जून रोजी ड्रम्सवर पीट बेस्ट होते. ऑगस्टमध्ये त्यांना काढून रिंगो स्टार यांना घेण्यात आले. 4 सप्टेंबरला रिंगो यांनी वाजवले. 11 सप्टेंबरला स्टुडिओने बोलावलेले अँडी व्हाइट ड्रम्सवर होते आणि रिंगो यांच्या हाती खंजिरी होती. बेस्ट यांचे ध्वनिमुद्रण सर्वांसाठी प्रसिद्ध झाले ते 1995 मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. तोवर त्यांच्याविषयीचे मत बहुतांशी ऐकीव गोष्टींवरच उभे होते. आज मात्र तिन्ही ऐकून श्रोता स्वतः ठरवू शकतो. बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या बँडबाबत अशी संधी आपल्याला क्वचितच मिळते.

म्हणूनच ‘सव्वातीन’ हे नाव मोलाचे ठरते. ज्या वर्षांचे ध्वनिमुद्रण नाही, त्या वर्षांची एक खूण त्यात टिकली आहे. त्यातून सूर कळत नाहीत, पण माणसे होती एवढे कळते. नाव आजच्या संचाला लागू पडत नाही, ही तक्रार बरोबर असली तरी तिचा रोख चुकतो. ते आजच्या संचाबद्दल बोलतच नाही.

सारांश

‘मूळ संच’ ही कल्पना नाटकातून आलेली आहे आणि बँडला ती जपून लावावी लागते. अनेकदा ज्याला मूळ म्हटले जाते, तो दुसरा किंवा तिसरा संच असतो. संचातला बदल वाचताना माणसापेक्षा कामाकडे आधी पाहावे: कोणते काम मोकळे झाले, ते कोणी उचलले आणि त्यामुळे उरलेल्यांचे वादन कसे बदलले. नाव, माणसे आणि गाणी यांपैकी काय टिकले, ते प्रत्येक बँडबाबत वेगळे तपासावे. आणि ज्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले नाही, त्यांच्याबद्दल निकाल देऊ नये. त्यांची नोंद मात्र जरूर करावी.

स्वाध्याय

1. ‘लव्ह मी डू’ची 1962 मधील तिन्ही ध्वनिमुद्रणे ऐका. वादकाचे नाव आधी न पाहता ड्रम्समधील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा. मग नावे पाहून आपले मत बदलते का, ते नोंदवा.

2. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’चे तिघांच्या आणि चौघांच्या संचातील एकेक गाणे निवडा. गिटारची सुरावट सुरू असताना बास काय करतो, याची तुलना करा.

3. आपल्या कॉलेजमधील एखादा बँड, भजनी मंडळ किंवा नाट्यसंघ घ्या. गेल्या काही वर्षांत तेथून बाहेर पडलेल्यांशी बोला आणि त्यांचे काम आज कोण करते, याची नोंद तयार करा. ही नोंद पुढच्या तुकडीसाठी जपून ठेवा.